नोनाकाबाईंचं एकमेव विशेषण

जपानहून आमच्या शाळेत मण्यांच्या पाटीवर गणित शिकवायला आलेल्या नोनाकाबाईंना आमच्या भाषेतलं एकच विशेषण येत होतं. त्या एका विशेषणापायी दोन महिन्यांत आमच्या गावाचे सोळा विणलेले पंखे, नऊ कोंबड्या, एक कोंबडा, पाद्रीबाबांची वेताची खुर्ची आणि शेजारच्या केपुएलीचं भिंतीवरचं घड्याळ एवढा ऐवज गेला. माझं काय गेलं ते पुढे येईलच. पंखे पंधरा की सोळा याबद्दल माझ्या बायकोचं म्हणणं वेगळं आहे, पण तिचा स्वतःचा पंखा ती मोजत नाही, कारण त्याचं दुःख तिला अजून आहे.

विशेषण होतं 'फाकाओफोओफा'. अर्थ साधा, सुंदर. शब्द लांबलचक आहे, म्हणताना तोंडात दोन वेळा वळण घ्यावं लागतं. बाईंनी राजधानीत, नुकुआलोफाला, भाषेचा वर्ग केला होता, पण पुस्तकाच्या तिसऱ्या धड्यापर्यंतच. बाकीची विशेषणं चौथ्या धड्यात होती आणि तोवर आमच्या हापाईला येणारी बोट सुटली.

आता आमच्याकडे पाहुण्याने एखाद्या वस्तूला सुंदर म्हटलं की ती वस्तू पाहुण्याची. यात चर्चा नाही, घासाघीस नाही, 'राहू द्या हो' नाही. लहानपणापासून आम्हाला वळणच तसं. दुसऱ्याच्या घरी गेलो की आम्ही जमिनीकडे बघून बोलतो. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मी नवरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, ते कौतुक नसल्यामुळे नव्हे. बाईंच्या पुस्तकात ही गोष्ट कुठल्याच धड्यात नव्हती. मी नंतर शेवटपर्यंत पाहिलं.

पहिल्या दिवशी मी आणि माझी बायको तोआकासे त्यांना धक्क्यावर घ्यायला गेलो. मुख्याध्यापक गुडघ्याच्या इलाजासाठी राजधानीत जाऊन बसलेले, तेव्हा उपमुख्याध्यापक या नात्याने पाहुणी माझ्या सहीने ताब्यात यायची होती. मी कमरेला समारंभाची चटई गुंडाळून, घामाने निथळत उभा. तोआकासे पंख्याने वारा घेत होती. तो तिच्या आत्याने विणलेला, कडेला काळी नक्षी असलेला. बाई बोटीतून उतरल्या. एवढीशी मूर्ती, पाठीवर केवढं तरी गाठोडं. कमरेत वाकून नमस्कार केला, सरळ झाल्या, त्यांना पंखा दिसला आणि त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, "फाकाओफोओफा."

तोआकासेचा हात हवेतच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हातांनी पंखा पुढे केला आणि घरापर्यंतचा सगळा रस्ता ती माझ्या हजेरीपुस्तकाने वारा घेत चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात हजर. त्यांच्याकडे म्हणे भेट घेतली की परतभेट द्यायची रीत आहे, आणि ती देताना समोरच्याला काय लागतं ते आधी नीट बघून ठेवायचं. तोआकासेच्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि तिने तो काथ्याने बांधून चालवला होता. बाईंनी रात्रीत निळ्या जाड कापडाचा पट्टा शिवला होता, बरोब्बर मापाचा. तोआकासेने चप्पल पायात घातली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि जी गोष्ट धक्क्यापासून घरापर्यंतच्या वाटेत एका परक्या बाईला दिसते ती सख्ख्या नवऱ्याला सहा महिन्यांत दिसत नाही, असं म्हणाली. त्या दिवसात तिने ते चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा पाहुण्यांसमोर.

पण पट्टा मिळाल्यावर गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. तोआकासेने नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या गाठोड्या पाठवल्या. त्या ताटातून कसलीशी लोणच्याची बरणी परत आली. बरणीच्या मोबदल्यात फणसासारखी ती आमची मोठी ब्रेडफ्रुटं गेली, चार. आणि हे एकट्या आमच्या घरचं. बाईंच्या वर्गात पोरं चौतीस होती.

बाईंना आनंद व्हायला काहीही पुरायचं. भट्टीतला गरम पाव फाकाओफोओफा. रविवारी चर्चमध्ये पुरुषांचा खर्जातला सूर लागला की फाकाओफोओफा. पोरांनी मणी सरकवून तीन आकडी बेरीज केली, खडखड आवाज झाला, सगळ्यांनी एकदम उत्तर ओरडलं, की बाई दोन्ही हात छातीवर धरून तोच शब्द म्हणायच्या आणि पोरं त्या शब्दासाठी अजून दहा बेरजा करायची. तेवीस वर्षं मी गणित शिकवतोय. माझ्या वर्गात बेरीज सुटली म्हणून कुणी छातीवर हात धरल्याचं मला आठवत नाही. टाकीतलं पावसाचं पाणी प्यायल्यावरही त्या सुंदर म्हणाल्या. टाकी शाळेची होती म्हणून वाचली, पण कमिटीत विषय निघाला होता.

केपुएली आमचा शेजारी. तीस वर्षं बंदराच्या कचेरीत शिक्के मारून निवृत्त झालेला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या नियमाखाली येते हे त्याला ठाऊक. गावात समारंभ असला की भेटींची यादी खड्या आवाजात पुकारायचा मानही त्याचाच. त्याचा तांबडा कोंबडा बाईंनी चौथ्या दिवशी पाहिला. आठव्या दिवशी बाईंनी त्याला बोटीचं वेळापत्रक हे एवढाल्या अक्षरांत काढून दिलं, कारण तो कागद हात लांब करून वाचतो हे त्यांनी टिपलं होतं. केपुएली इतका भारावला की त्याने भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांना दिलं. घड्याळाविना वेळापत्रकाचा त्याला काही उपयोग उरला नाही, पण असल्या वेळी माणूस उपयोग बघत नाही.

महिन्याभरात बाईंच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. तेवढ्यात राजधानीतल्या स्वयंसेवकांच्या कार्यालयातून एक तक्ता आला. स्वयंसेविकेला मिळालेल्या भेटवस्तूंचं नाव, संख्या, प्रयोजन आणि परत करता येण्याजोगी आहे काय, असे रकाने. खाली देखरेख अधिकाऱ्याची सही, म्हणजे माझी. मी रात्रभर विचार करून 'कोंबडा'पुढे प्रयोजनाच्या रकान्यात 'पहाटे उठणे' असं लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सजीव वस्तूंसाठी वेगळा तक्ता नसल्याने कोंबडा तूर्त 'फर्निचर' या सदरात दाखवावा आणि नऊ कोंबड्या त्याच संचातल्या आहेत किंवा कसे याचा खुलासा करावा. केपुएली म्हणाला, पत्र एकदम नियमाला धरून आहे.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण बाई आल्या त्या रात्री मी तीनदा उठून परसात जाऊन आलो. कारण माझ्या परसात डुक्कर होतं.

ते कसं होतं हे सांगायला मला अवघड जातं. मी स्तुती करत नाही, निव्वळ मापं देतो. नाकापासून शेपटीपर्यंत माझ्या दोन काठ्या, आणि उभं राहिलं की पाठ माझ्या मांडीला लागायची. अडीच वर्षं मी त्याला खोबरं आणि पपया घालून वाढवलं होतं. आई त्याला 'फिलिमोनेचा थोरला' म्हणायची, म्हणजे माझा थोरला मुलगा. बाई आल्याच्या दोन महिन्यांनी एका शनिवारी आईला ऐंशी पूर्ण व्हायची होती, आणि त्या दिवशी ते भाजून, चौघांच्या खांद्यावरून, सगळ्या गावासमोर तिच्यापुढे ठेवायचं होतं.

त्यामागे कारण होतं. पंचाहत्तरीला माझा धाकटा भाऊ सिओसाइआ ऑकलंडहून आला तो मांसाच्या डब्यांची खोकी भरून. मी माझं डुक्कर दिलं. जरा बारीक होतं, मान्य. केपुएलीने सिओसाइआची खोकी एकेक करून पुकारली, प्रत्येक खोक्याला टाळ्या झाल्या, आणि मग म्हणाला, "आणि फिलिमोनेकडून... एक जनावर." डुक्कर असंही म्हणाला नाही. तो शब्द पाच वर्षं माझ्या कानात होता. यंदा केपुएलीच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकायचं, विशेषणांसकट, एवढीच माझी इच्छा होती. आणि नोनाकाबाईंच्या खोलीची खिडकी माझ्या परसावर उघडत होती.

बाई आल्या त्याच आठवड्यात केपुएलीने सल्ला दिला की डुक्कर शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवावं, वर ताडपत्री टाकावी. त्याच्या मते सरकारी ताडपत्रीखालची वस्तू कुणी बघत नाही. तसं केलं. पण डुकराला ताडपत्रीचा नियम ठाऊक नव्हता. पुढे एका सोमवारी सकाळच्या प्रार्थनेत पाद्रीबाबांनी डोळे मिटले, सगळीकडे शांतता, आणि टाकीमागून एक लांब, खोल, समाधानी हुंकार आला. नोनाकाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी पोटावर हात ठेवला आणि दिलगिरीचं हसलो.

प्रार्थना संपेपर्यंत आणखी दोनदा हुंकार आला. मी दोनदा पोट दाबलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पोटदुखीच्या गोळ्या आणि आल्याचा काढा. तिसऱ्या दिवशी पाचकाची पुडी. बाई वर्गातून येताजाता मला हलक्या आवाजात विचारायच्या, आज कसं आहे सर. त्या नेमक्या विचारायच्या तेव्हाच टाकीमागून उत्तर यायचं. आठवड्याने त्यांनी माझ्यासाठी लोकरीचा पट्टा विणून आणला, वीतभर रुंद, पोटाभोवती घालायचा. त्यांच्याकडे थंडीत पोट सांभाळायला घालतात म्हणे. आमच्याकडे थंडी म्हणजे जुलैत एखाद्या पहाटे कुणीतरी सदरा घालतो. पण एवढ्या मायेने विणलेला पट्टा न घालणं शक्य नव्हतं. मी तो घातला, त्यावर कमरेची चटई, आणि भर उन्हात मुलांना कवायत दिली. तोआकासे दारात उभी राहून म्हणाली, "अहो, भट्टीत घालताना आपण डुकरालाही असंच गुंडाळतो."

रविवारी तर कहर झाला. आमच्याकडे रविवारी काम करायचं नाही. नांगर नाही, जाळं नाही, धावणंसुद्धा नाही. हा नियम देवाचा आणि सरकारचा दोघांचा आहे. डुकराने नेमका तोच दिवस दोरी चावायला निवडला. चर्चची घंटा होतेय, लोक पांढरे कपडे घालून रस्त्यावर, आणि माझा थोरला त्यांच्या पुढे रस्त्याच्या मधून चाललाय. धावता येईना, पकडता येईना, हाक मारावी तर तेही काम. मी हातात बायबल घेऊन त्याच्या मागे दहा पावलांवर संथ चालत राहिलो, जसं काही आम्ही दोघं मिळूनच प्रार्थनेला निघालोय. कोपऱ्यावर नोनाकाबाई दिसल्या. मी छत्री उघडली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. ऊन फार आहे म्हणालो. तसं आभाळ भरून आलेलं होतं. बाई छत्रीआडून माझ्याबरोबर चर्चपर्यंत आल्या, पाऊलभर पुढचंही न बघता, आणि दारात पोचल्यावर माझ्या सौजन्याबद्दल तीनदा वाकल्या. डुक्कर प्रवचन संपेपर्यंत स्मशानात चरत होतं. सगळ्या गावाने पाहिलं आणि कुणी त्याचं नाव काढलं नाही. आमच्या लोकांत हा मोठा गुण आहे.

तेव्हा मी ठरवलं की डुक्कर लपवण्यापेक्षा शब्द लपवणं सोपं. मी शिक्षक माणूस. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास मी बाईंना भाषा शिकवू लागलो. पहिल्याच दिवशी मी त्यांना गंभीरपणे सांगितलं की फाकाओफोओफा हा शब्द हल्ली कुणी वापरत नाही, जुनाट आहे, पुस्तकं छापणाऱ्यांना कळत नाही. त्याऐवजी म्हणायचं 'साई पे'. म्हणजे बरं आहे, ठीक आहे, चालेल. ज्याला ठीक आहे म्हटलं ते आजवर कुणी कुणाला दिलेलं नाही. भाषेच्या वर्गाला परतभेट म्हणून बाईंनी माझ्या खडूसाठी बांबूची नळी करून आणली, बोटं पांढरी होऊ नयेत म्हणून. मला तेव्हा थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण शनिवार दोन आठवड्यांवर होता.

नोनाकाबाई मेहनती. तीन दिवसांत जुना शब्द त्यांच्या तोंडून पार गेला. पाद्रीबाबांनी सव्वा तास प्रवचन दिलं. दारात हात मिळवताना बाई प्रसन्न हसून म्हणाल्या, "साई पे." पाद्रीबाबांच्या हाताची पकड सुटलेली मी पाहिली. केपुएलीच्या मुलीला मुलगा झाला. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या, त्याच्या बोटांवरून बोट फिरवलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाल्या, ठीक आहे. बाळाची आई दोन दिवस जेवली नाही.

मग लोक माझ्याकडे येऊ लागले. आमचं काय चुकलं, बाई का रागावल्या, आपल्या पोरांच्या बेरजाही आता नुसत्या बऱ्या झाल्या का. पोरं तर रडवेली. त्यांनी पन्नास हिशेब न चुकता केले तरी ठीकच. केपुएली म्हणाला, "मास्तर, तुमच्या ताब्यात आल्या तेव्हा बाई चांगल्या होत्या. तुम्ही काय केलंत?" तीस वर्षं मालाची नासधूस तपासणारा माणूस तो, त्याची नजर मला सहन होईना.

मला वाटलं निदान भेटी तरी थांबतील. उलट झालं. बाई नाराज आहेत म्हणजे आपण दिलं ते कमी पडलं असं गावाने धरलं. पंखे देणाऱ्यांनी चटया पाठवल्या. कोंबडी देणाऱ्याने बकरी आणून बांधली. बाई बकरीला म्हणाल्या ठीक आहे, म्हणून त्याने संध्याकाळी दुसरी आणली. बिचाऱ्या बाई रात्ररात्र दिव्याखाली परतभेटी शिवत बसलेल्या दिसायच्या, प्रत्येकाला नेमकं काय लागतं ते आठवून आठवून. त्यातच त्यांनी तोआकासेला विचारलं की आईंच्या ऐंशीला काय न्यायची पद्धत आहे. तोआकासे म्हणाली, डुक्कर असलं तर उत्तम. त्यावर बाईंचा चेहरा उतरला. जवळ नऊ कोंबड्या, दोन बकऱ्या आणि एक फर्निचर होतं, पण डुक्कर नव्हतं. ज्या आई रोज कुंपणावरून हात हलवतात त्यांच्याकडे मी रिकाम्या हाताने कशी जाऊ, असं त्या म्हणाल्या. हे तोआकासेने मला सांगितलं, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढी नोंद मी स्वतःविरुद्ध करून ठेवतो.

शुक्रवारी दुपारी सिओसाइआ उतरला. सोबत खोकी, आणि खोक्यांच्या मागे माणसाच्या उंचीचा एक फ्रीज. तो अंगणात उभा करून त्याने त्याचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आमच्या बेटावर वीज दिवसातून किती तास असते हे त्याला आठवत नव्हतं, पण जमलेल्यांपैकी कुणीही ते बोलून दाखवलं नाही. मग तो मला म्हणाला, "दादा, यंदा तुझं काय? पुन्हा जनावर?"

मी शांतपणे म्हणालो की बघशील.

चार वाजता मी चौघांना घेऊन टाकीमागे गेलो. ताडपत्री काढली. बाई त्या वेळी वर्गात असतात, तासाभराचं काम, डुक्कर भट्टीकडे नेलं की सुटलो. पण पोरांनी त्या दिवशी बाईंना खूष करायचं म्हणून मण्यांच्या पाट्या शाळेला लागूनच असलेल्या आमच्या अंगणात आणल्या होत्या, गावासमोर हिशेब करून दाखवायला. चौतीस पाट्या एकदम खडखडल्या. डुकराने तसला आवाज जन्मात ऐकला नव्हता. चौघांपैकी दोघं चिखलात बसले, दोघं दोरी धरून मागे घसरत आले, आणि माझा थोरला टाकीला वळसा घालून थेट अंगणाच्या मधोमध, नोनाकाबाईंच्या समोर येऊन उभा राहिला.

सगळं गाव तिथे होतं. पाद्रीबाबा, केपुएली, खुर्चीवर आई, फ्रीजला टेकून सिओसाइआ. सगळ्यांना ठाऊक होतं मी दोन महिने काय लपवत होतो. उन्हात त्याची पाठ चमकत होती. त्याने मान वर केली आणि तोच तो हुंकार दिला. बाईंनी डुकराकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा डुकराकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांचे ओठ हसू दाबताना थरथरले. मग त्यांनी दोन्ही हात छातीवर धरले.

"साई पे," बाई म्हणाल्या.

मी सुटलो. अडीच वर्षांची खोबऱ्याची भर वाचली. पण ते सुख मला पुरतं तीन सेकंद मिळालं असेल. मागून सिओसाइआ मोठ्याने हसला. म्हणाला, ऐकलंत ना, जपानच्या बाईंनीसुद्धा सांगितलं, ठीक आहे. आणि लोक हसले. आई हसली. केपुएलीसुद्धा मान हलवून म्हणाला, हो, तसं ठीकच आहे.

माझ्या डोक्यात काय गेलं मला माहीत नाही. ठीक? पपया खाल्लेलं, रोज आंघोळ घातलेलं, दोन काठ्या लांबीचं जनावर ठीक? मी स्वतःच जनावर म्हणालो याचाही मला संताप आला. मी पुढे झालो.

"बाई, नीट बघा," मी म्हणालो. "ठीक नाही. दुसरा शब्द म्हणा."

"कुठला, सर?"

"तुमचा. पहिला."

"पण सर, तो जुनाट आहे. कुणी वापरत नाही."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. पाद्रीबाबांच्या चेहऱ्यावर आधी अर्थ उमटला आणि मग राग, आणि रागापेक्षा मोठा आनंद, की आपलं प्रवचन नुसतं ठीक नव्हतं. केपुएलीची मुलगी बाळाला उचलून पुढे आली. तोआकासे म्हणाली, "अहो, असं शिकवलंत तुम्ही त्यांना?" मी म्हणालो हो, शिकवलं, मी शिकवलं, शब्द चांगला आहे, सगळे वापरतात, खोटं मी बोललो, पण आता या डुकराला बघा आणि म्हणा.

बाईंनी पदरात काही बांधावं तसा तो शब्द जपून ठेवलेला असणार. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं घेऊन, पाद्रीबाबांकडे, बाळाकडे, चौतीस पोरांकडे आणि शेवटी डुकराकडे बघत तो म्हटला. दोन्ही वळणं घेत.

"फाकाओफोओफा."

पोरांनी पाट्या वर धरून खडखडवल्या. अडीच वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो शब्द हाच होता, हे मला तेव्हा कळलं. आणि मग पाट्या खाली आल्या, आणि मला बाकीचंही कळलं.

सिओसाइआने फ्रीजचं दार बंद केलं. आमचे लोक जमिनीकडे बघू लागले. मी दोरी उचलली आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. तेवढं तरी मी सरळ पाठीने केलं, लोकरीच्या पट्ट्यामुळे वाकताही येत नव्हतं. बाईंनी दोरी घेतली, कमरेत वाकल्या, आणि वर आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने. माझा प्रश्न सुटला, त्या म्हणाल्या. उद्या आईंना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

शनिवारी चौघांनी खांद्यावरून आणलं. कातडी सोन्यासारखी तडकलेली. केपुएलीने घसा साफ केला. सिओसाइआचा फ्रीज आणि खोकी पुकारली, टाळ्या झाल्या. मग तो दोन पावलं पुढे सरकला आणि म्हणाला, जपानच्या नोनाकाबाईंकडून, दहा वर्षांत या बेटाने पाहिलं नाही असं, चौघांना न पेलणारं, खोबऱ्यावर पोसलेलं, राजाच्या पंगतीला शोभेल असं डुक्कर. पूर्ण वाक्य. एकही विशेषण सोडलं नाही. मी खाली मान घालून ऐकलं, आणि खरं सांगतो, ऐकायला छानच वाटलं.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि फिलिमोनेकडून..." तो थांबला. हातात कागद होता, कागदावर काही नव्हतं. तीस वर्षांत त्याने कोऱ्या जागेवर शिक्का मारला नव्हता.

आईने हाताने त्याला थांब म्हटलं. तिने नोनाकाबाईंना जवळ बोलावलं, आपल्या चटईवर बसवलं, हनुवटीला धरून त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला, आणि सावकाश, ऐंशी वर्षांच्या तोंडाने तो लांबलचक शब्द म्हटला.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाईंना धक्क्यावर सही करून मी ताब्यात घेतलं होतं. केपुएलीचा चेहरा खुलला. हा नियम त्याला पाठ होता.

"आणि फिलिमोनेकडून," तो इतक्या मोठ्याने म्हणाला की टाकीपलीकडच्या बकऱ्या ओरडल्या, "जपानच्या बाई. एक."

टाळ्या थांबता थांबेनात. पोरं पाट्या आपटत होती, सिओसाइआसुद्धा उठून उभा राहिला. बाईंनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, काय झालं, सर. मी सांगितलं की तुम्हाला आईला देण्यात आलंय, आता काही इलाज नाही. बाईंनी गंभीरपणे विचार केला.

"मग याची परतभेट कोणी कोणाला द्यायची?"

उत्तर आईने दिलं. पहिला मान तिचा, म्हणून पाठीवरचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा तिच्या पानात होता. तिने तो उचलला, अर्धा बाईंच्या पानात ठेवला, अर्धा माझ्या.

"खा रे," ती म्हणाली. "अडीच वर्षं त्याला घातलंस, स्वतः काही खाल्लेलं दिसत नाही."